रायफल घ्यायची? आधी कागदाला विचारा!

मुलांनो, जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल तुम्ही नक्कीच पाहिला असेल. फळीवर रंगीबेरंगी फुगे, समोर टेबलावर एक जुनी छऱ्याची बंदूक. दहातले सहा फुगे फुटले, की आपण स्वतःला थेट अर्जुन समजायला लागतो! खरं ना?

आता दुसरं एक लक्ष्य डोळ्यांसमोर आणा. अंतर बरोबर १० मीटर. तिथे एक कागद. कागदावर काळं वर्तुळ, व्यास फक्त ३०.५ मिलिमीटर. म्हणजे रुपयाच्या नाण्याहून मोठं. आणि त्या काळ्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका, अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीच्या दाण्याहूनही लहान! त्याला छऱ्याची कड लागली तर दहा गुण. ऑलिंपिकमध्ये असे ६० छरे मारायचे असतात, तेही उभ्यानं, आणि सगळे मिळून सव्वा तासाच्या आत.

ही झाली १० मीटर एअर रायफलची स्पर्धा. आपल्या अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवलं ते याच प्रकारात. पुढे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. ती रायफल निराळी, हवेची नव्हे, काडतुसाची. पण आमच्या गल्लीतल्या पोरांना त्याच्याशी काय घेणं? दुसऱ्या दिवसापासून ज्याच्या त्याच्या हातात छत्री, आणि छत्रीचा नेम समोरच्या खांबावर!

माझी पुतणी तेव्हा आठवीत होती. तिनं घरात जाहीर केलं, "मला रायफल हवी." माझा भाऊ एस. टी. च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. पैसा येतो तो मोजून, जातो तोही मोजून. तरी तो बिचारा दुकानात जाऊन आला. दुकानदारानं त्याला एक दांडगी बंदूक दाखवली. "सगळ्यात पॉवरफुल आहे, साहेब. वर दुर्बीण फुकट!"

रात्री भावाचा फोन. "ताई, दिवाळीच्या पैशातून घेऊन टाकू का? पोरगी ऐकत नाहीये."

कॉलेजात असताना मी एन. सी. सी. त नेमबाजी करायची, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. मी म्हटलं, "तीन महिने थांब. आधी तिला रायफल क्लबात घाल. कोणती रायफल घ्यायची ते तूही ठरवू नकोस, मीही ठरवत नाही. कागद ठरवेल."

तुम्हाला वाटेल, कागद कसा ठरवणार? सांगते.

क्लबात तिला एक जुनी स्प्रिंगची रायफल मिळाली. स्प्रिंगची म्हणजे कशी? सायकलचा पंप आठवा. नळी वाकवली, की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला, की ती स्प्रिंग दट्ट्याला जोरात पुढे ढकलते, हवा दाबली जाते आणि त्या हवेच्या धक्क्यानं छरा नळीतून सुटतो. पण गंमत अशी, की छरा नळीबाहेर पडायच्या आधीच दट्ट्याच्या धक्क्यानं रायफल हलते! म्हणून ही रायफल घट्ट आवळून धरायची नाही. हातावर नुसती टेकवायची आणि दर वेळी अगदी तशीच टेकवायची.

पहिल्या दिवशी तिनं दहा छरे मारले. कागद पाहावा तर पोह्यांच्या बशीतले शेंगदाणे! एक इथे, एक तिथे, दोन तर बशीबाहेरच. गुण ३८. तिचं तोंड एवढंसं झालं. क्लबातल्या सरांनी मात्र गुण मोजलेच नाहीत. ते म्हणाले, "गुणांकडे नको, भोकांच्या घोळक्याकडे बघ. घोळका लहान झाला पाहिजे. तो कुठे का पडेना!"

तीन महिने ती घोळक्याच्याच मागे लागली. एका रविवारी दहाही भोकं पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली. पण कुठे? खाली डावीकडच्या कोपऱ्यात! गुण ४९. ती रडकुंडीला आली. सर मात्र खूश! त्यांनी मागच्या साइटचे दोन स्क्रू थोडे फिरवले आणि म्हणाले, "आता मार." घोळका तेवढाच, पण उचलून मधोमध ठेवल्यासारखा. गुण ७८.

लक्षात आलं का, दोस्तांनो? घोळका मोठा असेल तर जगातला कुठलाही स्क्रू तुम्हाला मदत करू शकत नाही. घोळका लहान असेल तर दोन स्क्रूंचं काम.

इथे थोडं गणित करू. घाबरू नका, तुमच्याच भूमितीच्या पुस्तकातलं आहे, समरूप त्रिकोणांचं. साध्या रायफलच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण अर्ध्या मीटरचं अंतर धरा. कागद १० मीटरवर, म्हणजे वीसपट लांब. आता पुढची साइट फक्त १ मिलिमीटर सरकली, तर कागदावर छरा किती सरकेल? २० मिलिमीटर! आणि कागदावरच्या कड्या अडीच-अडीच मिलिमीटरवर असतात. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीला आठ गुण गेले. म्हणून नेमबाजीत जोर नको, स्थिरपणा हवा. श्वास, खांदा, पायांमधलं अंतर, चाप ओढणारं बोट, सगळं दर वेळी तसंच्या तसं. आणि या सगळ्याला रायफलच्या दुकानात एक पैसाही पडत नाही!

आता खरेदीकडे येऊ. तीन महिन्यांनी भाऊ पुन्हा दुकानात गेला, पण या वेळी सर बरोबर होते आणि हातात यादी होती. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून देते.

पहिली गोष्ट, नळीचा व्यास. स्पर्धेची एअर रायफल ४.५ मिलिमीटरचीच असते.

दुसरी, जोर. दुकानदार वेगाचे मोठमोठे आकडे सांगतो. पण स्पर्धेच्या चांगल्या रायफलचा छरासुद्धा सेकंदाला साधारण १७० मीटर एवढ्याच वेगानं जातो. कागदाला भोक पाडायला तेवढं पुष्कळ झालं. जास्त जोराची स्प्रिंग म्हणजे जास्त धक्का, नळी वाकवताना जास्त दमछाक आणि मोठा घोळका.

तिसरी, साइट. दुर्बीण नको. १० मीटर रायफलच्या स्पर्धेत ती चालतच नाही. बारीक भोकातून पाहायची, स्क्रूनं वर-खाली, डावी-उजवी होणारी साइट बसते का, ते विचारा.

चौथी, अंगाला बसणं. वजन स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण बारीक अंगाच्या मुलीला ते कशाला? दस्ता खांद्याला टेकवून उभं राहा. मान न वाकवता, न ताणता डोळा साइटसमोर आला पाहिजे. पाच मिनिटांत हात थरथरला तर ती रायफल तुमची नव्हे.

पाचवी, दुरुस्ती. स्प्रिंग आणि वॉशर कधी ना कधी जाणारच. ते सुटे मिळतात का, आणि बदलून कोण देतं?

सहावी गोष्ट पालकांसाठी. सगळे पैसे रायफलवर घालू नका. छरे, कागद, डोळ्यांचा चष्मा आणि क्लबची फी, यासाठी निम्मे तरी राखून ठेवा. छरे सपाट डोक्याचे घ्या, त्यांनी कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना भांडण होत नाही. दोन-तीन जातींच्या छोट्या डब्या आणून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, प्रत्येकीचे पाच-पाच छरे मारून पाहा. ज्या डबीचा घोळका सगळ्यांत लहान, ती तुमच्या रायफलची आवडती डबी! महागडीच आवडेल असं नाही.

भावानं भारतातच तयार झालेली, साधी, मध्यम जोराची रायफल घेतली. त्या 'पॉवरफुल' बंदुकीच्या निम्म्या किमतीत. उरलेल्या पैशांत वर्षभराचे छरे आले.

गोष्ट इथे संपली असं वाटतं ना? खरी परीक्षा पुढेच होती. पहिल्या स्पर्धेत तिच्या शेजारच्या मुलीकडे परदेशी रायफल होती, दाबलेल्या हवेच्या नळकांड्याची. तिला स्प्रिंग नसते, त्यामुळे धक्का जवळजवळ नसतोच. किंमत लाखांच्या घरात. पुतणी खालून पाचवी आली. घरी येऊन म्हणाली, "बाबा, तिच्याकडे ती रायफल होती म्हणून!"

भाऊ काही बोलला नाही. तो गप्प बसला की आतून किती मोजतोय, ते मला कळतं. मी तिला म्हटलं, "चल, कागदाला विचारू." तिच्या सरावाचे वीस कागद आम्ही जमिनीवर पसरले. बघता बघता तीच ओरडली, "आत्या, सगळी भोकं उभ्या रांगेत आहेत!" खरंच की! डावी-उजवीकडे फारशी चूक नव्हती, चूक वर-खाली होती. श्वास घेताना छाती वर होते आणि तिच्याबरोबर रायफलचं तोंड हलतं. ती कधी भरल्या छातीनं चाप ओढत होती, कधी रिकाम्या. मग तिनं सवय लावली: श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, सात-आठ सेकंदांत चाप सुटला नाही तर रायफल खाली घ्यायची. महिनाभरात रांगेचा पुन्हा घोळका झाला.

म्हणजे महागड्या रायफलचा उपयोगच नाही? तसं मी मुळीच म्हणणार नाही. वर्षभरानं घोळका लहान व्हायचा थांबला. सरांनी तिची रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून स्वतः मारून पाहिली. त्यांचाही घोळका जवळजवळ तिच्याएवढाच! आता कागदानं सांगितलं, की पोरगी रायफलच्या बरोबरीला आली. तेव्हापासून ती रविवारी क्लबातली हवेच्या नळकांड्याची रायफल वापरते आणि एरवी घरच्या रायफलनं सराव करते. बिंद्राच्या घरी स्वतःची रेंज होती, हे खरं. कुसाळे शिक्षकाच्या घरचा मुलगा, सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस झाला, हेही तितकंच खरं. एकासाठी घर उभं राहिलं, दुसऱ्यासाठी घराबरोबर संस्था. पण बीजिंगला बिंद्राचा शेवटचा छरा १०.८ गेला, तो त्याच्या स्वतःच्या बोटानं आणि श्वासानं. तिथे दोघेही सारखेच.

आता थोडं कडक बोलते, कारण हे खेळणं नाही. छरा डोळा फोडू शकतो. रायफल भरलेली असो वा नसो, माणसाकडे आणि जनावराकडे कधी रोखायची नाही. कागदामागे छरा अडवणारी पेटी हवीच. दगड किंवा लोखंडावर आपटून छरा उलटा येतो. नळी वाकवून छरा घालताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवा, नाहीतर ती उसळून बोटं चिरडते. स्प्रिंगची रायफल छऱ्याशिवाय उडवू नका, दट्ट्या आपटून आतून खराब होते. छरे शिशाचे असतात, तेव्हा खेळ संपला की साबणानं हात धुवा, मगच डबा उघडा. आणि चिमण्या-पारव्यांवर नेम धरण्यात शौर्य नाही. पाखरांच्या रक्षणासाठी १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. सराव शक्यतो रेंजवर, मोठं माणूस शेजारी असतानाच.

पालकांनो, रायफल तुमच्या नावानं, पावती घेऊनच घ्या. ठरावीक मर्यादेच्या आतल्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, तरी नियम काय आहेत ते क्लबात आणि जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. घरात ती कुलपात राहील आणि छरे वेगळ्या कपाटात. किल्ली तुमच्याकडे.

आणि दोस्तांनो, रायफल नसली तरी आज एक गोष्ट करता येईल. भिंतीवर डोळ्याच्या उंचीला पेन्सिलीचा ठिपका काढा. दहा पावलं मागे या. हात सरळ पुढे करून अंगठ्याचं नख त्या ठिपक्याखाली आणा. अर्धा श्वास सोडून थांबा आणि मनात आठपर्यंत मोजा. नख किती हलतं ते बघा. रोज दहा वेळा करा. महिनाभर कंटाळा आला नाही, तर आई-बाबांना खुशाल सांगा, "मला क्लबात घाला." आणि तिथला पहिला कागद फेकू नका बरं का! कितीही वाईट असो, त्यावर तारीख घालून जपून ठेवा. पुढचे सगळे कागद त्याच्याशीच ताडून बघायचे आहेत.