मोटार स्वस्त, खुराक महाग



उसाचे बिल खात्यावर जमा झाले, द्राक्षाचा हंगाम बरा गेला किंवा रस्त्यात जमीन जाऊन मोबदला हाती आला, की घरात मोटारीचा विषय हमखास निघतो. त्यात वावगे काही नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाने चार घटका गार हवेत बसून पाहुण्यांकडे जावे, असे कोणालाही वाटेल. पण अलीकडे गावोगाव फिरताना या हौसेला एक नवे वळण लागलेले दिसते. मुलगा मोबाइलवर चित्र दाखवतो. काळीभोर, लांबलचक, जर्मन बनावटीची गाडी. नवी होती तेव्हा पन्नास लाखांची, आज सहा लाखांना. "आप्पा, एवढ्या पैशांत नवी छोटी गाडी येते. मग हीच घेतली तर काय बिघडलं?"

प्रश्न बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर मी गोठ्यातून देतो. समजा, एखाद्या मोठ्या गोठ्यातली, एके काळी पंचवीस लिटर दूध देणारी संकरित गाय उतारवयात तुम्हाला स्वस्तात मिळाली. गाय स्वस्त झाली, पण तिचे पोट स्वस्त झाले का? वैरण, पेंड, पाणी लागायचे तेवढेच लागणार. वयामुळे डॉक्टरांच्या फेऱ्या मात्र वाढणार. मोटारीचेही असेच आहे. बाजारात तिची किंमत उतरते, पण तिचे सुटे भाग पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. आपल्याकडे म्हणतातच, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

ऑक्टोबर २०१० मधली एक गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या गेल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये, म्हणजे गाडीमागे सरासरी ४३ लाख. देशभर त्याची चर्चा झाली. त्या वर्षीच्या गाड्यांना २०२५ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांचीच असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन, पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी देशी मोटारीला ६०० वरून ५,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये झाली. तेव्हा तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली, तर आधी नोंदणीपुस्तकावरची तारीख पाहावी.

पहिला मालक अडाणी नसतो, हेही ध्यानात घ्या. आठ-दहा वर्षांनी कोणकोणते भाग बदलायला येतात, याचा अंदाज त्याला कारखान्याच्या बिलांवरून आलेला असतो. अशा पुष्कळ गाड्यांत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. गाडी त्यांवर तरंगल्यासारखी चालते. पण रबर ते रबर. वर्षे लोटली की त्याला चिरा पडतात, हवा गळते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीचे तेल वेळेवर बदललेले नसेल, तर तिचा खर्च लाखांच्या भाषेत सांगितला जातो. काही गाड्यांचे टायर पंक्चर झाल्यावरही थोडे अंतर धावतील असे केलेले असतात, म्हणून त्यांत जादा चाकच नसते. बाभळीचा काटा आणि खडीचा रस्ता यांच्याशी त्या टायरांचा परिचय नसतो.

आणखी एक शत्रू आपल्या घरचाच आहे. धान्याच्या कोठीशेजारी गाडी उभी राहिली, की उंदीर तिच्यात मुक्कामाला येतो. साध्या गाडीची वायर कुरतडली, तर तालुक्याचा इलेक्ट्रिशियन जोडून देतो. या गाड्यांत मात्र दिव्यापासून दारापर्यंत सारे संगणकाच्या ताब्यात असते. एक वायर तुटली, तर दोष कोठे आहे हे शोधायलाच शहर गाठावे लागते.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका बागायतदाराची हकिकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. "साहेब, लिहा, दुसऱ्या कोणाचं तरी वाचेल," असे ते स्वतःच म्हणाले. पाच एकर बागायत, दोन दुभत्या गाई, विहिरीला बेताचे पाणी. थोरला मुलगा एकतीस वर्षांचा, शेतीत तरबेज, निर्व्यसनी. पण मुलगा शेती करतो म्हटले की मुलीकडचे लोक पाऊल मागे घेतात. हे दुखणे आज किती घरांत आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको. दारात भारी गाडी दिसली तर सोयरीक जुळेल, असे कोणीतरी सुचवले. बापाचे काळीज ते. त्यांनी सव्वासहा लाखांना तेरा वर्षांची डिझेल गाडी आणली. रकमेला कमी पडले, म्हणून दोन्ही गाई विकल्या.

पहिल्याच महिन्यात टायर बदलले, ६४,००० रुपये. दिवाळीनंतर एके दिवशी सकाळी पाहतात तो गाडी पुढच्या बाजूने खाली बसलेली, थकलेला बैल बसावा तशी. ती ट्रकवर चढवून शहरात नेण्याचे ११,०००. पुढच्या दोन हवेच्या पिशव्या आणि कॉम्प्रेसर मिळून १,९०,०००. त्यानंतरच्या पावसाळ्यात गिअरपेटी अडकली, तेव्हा त्यांनी हात टेकले आणि गाडी आहे त्या स्थितीत २,१०,००० ला देऊन टाकली. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून हिशेब मांडला. चौदा महिन्यांत ८,९०,००० घातले, २,१०,००० परत आले. बुडाले ६,८०,०००. गाडी फिरली अवघी सहा हजार किलोमीटर. म्हणजे डिझेल आणि विमा सोडून किलोमीटरला ११३ रुपये पडले!

मधल्या काळात एक स्थळ आले होते. मुलीच्या मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली, छान आहे म्हणाले आणि विहीर दाखवा म्हणाले. वाटेत गोठा लागला. "दावणीचे दोन खुंट रिकामे कसे?" एवढेच त्यांनी विचारले. ती सोयरीक जुळली नाही. गाडीमुळे मोडली असे मी म्हणणार नाही, पण गाडीमुळे जुळलीही नाही. त्या माउलीने मला चहा देताना सांगितले, "भाऊ, पैसे गेल्याचं सोडा. दुधाचे पैसे माझ्या हातात यायचे, त्यावर किराणा चालायचा. आता मिठालासुद्धा मालकांपुढे हात पसरावा लागतो." या खर्चाचे बिल कोणताही कारखाना देत नाही.

शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो. गाडी मात्र कोणत्याही दिवशी बिघडते. नोकरदाराला पुढच्या पगाराचा आधार असतो. आपल्याकडे नेमकी पेरणीच्या तोंडावर गाडी अडली, तर बियाण्याचा पैसा तिच्यात जातो आणि पुढे पीककर्जाचा हप्ता लांबतो. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा जो लाभ मिळतो, तो मुदत चुकली की हातचा जातो. शिवाय २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत, कुटुंबातल्या कोणाच्या नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल, तर घरातली बाई अपात्र ठरते, अशी अट आहे. महिना १,५०० म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये. गाडी सहा लाखांची असो की साठ हजारांची, अट तीच.

पेट्रोलची जुनी गाडी घेणाऱ्या ऊस उत्पादकाला तर एक गंमत सांगावीशी वाटते. आपल्या उसापासून झालेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. त्यात आपले हितच आहे. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्या एवढ्या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर लवकर बदलावे लागू शकतात आणि मायलेजही थोडे उतरते.

आता कागदपत्रांचे. दिल्लीकडची गाडी फार स्वस्त मिळते, असे दलाल सांगतो. त्याला कारण आहे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिकडे बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती, तसेच पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदीही, लागू करायला सांगितली. पुढे त्या नियमांत फेरफार होत गेले, पण मालक धास्तावले आणि गाड्या बाहेर निघाल्या. अशी गाडी आणताना तिकडच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, हवाच. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इकडे ठेवायची, तर महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. त्या गाडीवर कर्ज असेल, तर ते फिटल्याचा नमुना ३५ पाहावा. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा. आधीच्या मालकाची विम्यातली सवलत त्याच्याकडेच राहते, ती गाडीबरोबर येत नाही.

एवढे ऐकूनही कोणाला अशी गाडी घ्यायचीच असेल, तर मी आडवा येणार नाही. माणसाची हौस असते. फक्त चार गोष्टी करा. संध्याकाळी पोचून गाडी रात्रभर एका जागी उभी करायला सांगा आणि सकाळी ती कोणत्या कोपऱ्याला बसली आहे का, ते पाहा. इंजिन थंड असताना तुमच्यादेखत सुरू करायला लावा. दलालाचा मेकॅनिक नको; आपल्या पैशाने संगणक लावून तपासणारा माणूस न्या. कारखान्याची जुनी बिले मागा. ती नसतील, तर परत फिरा. आणि गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवता येत असेल, तरच सौद्याला हात घाला. गाय विकून, दागिना मोडून किंवा पीककर्ज वळवून तर नकोच.

आमच्या त्या बागायतदाराने उरलेल्या २,१०,००० मधून पहिल्यांदा एक गाय आणली आणि उरलेल्या पैशात ठिबक बसवले. मुलाचे लग्न अजून व्हायचे आहे. घरी एक साधी, तालुक्यात दुरुस्त होणारी मोटारसायकल आहे आणि दुधाचे पैसे पुन्हा घरधनिणीच्या हातात येतात. दुसरी गाय पुढच्या हंगामात आणणार आहेत.

तेव्हा मंडळी, सौदा ठरवण्याआधी घरातल्या बाईला जवळ बसवा, कागद-पेन्सिल घ्या आणि गाडीच्या किमतीखाली तिचा वर्षाचा खुराक लिहा. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, वैरणीचा अंदाज घेतो. मोटारीला तेवढाच न्याय द्यावा, इतकेच माझे सांगणे आहे.