घरचा हौद

दुपारी गंज पेठेतल्या फुलेवाड्यात गेलो होतो. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. व्याख्यान देणं सोपं. दारचं पाणी देणं, तेही जातवाल्यांचा रोष ओढवून घेऊन, अवघड. (सावित्रीबाईंचं नाव इथं मागे पडतं. घर त्यांचंही होतंच की!)

हवाई बेटांवरची जुनी रीत आठवली. ओढ्याचं पाणी अळूच्या खाचरांतून फिरवायचं आणि उरलेलं पुन्हा ओढ्यात सोडायचं, कारण खाली दुसऱ्याचं खाचर असतं. तिथं खालचा माणूस हिशेबात धरलेला. आपल्याकडे त्याला पाणवठ्याला शिवूही देत नव्हते.

उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय आहे: कामवाल्या मावश्यांनी लॉबीतल्या कूलरचं पाणी प्यावं का? मी बोलणार आहे.