जुन्या पद्मिनीचे कपलर

आमच्या दादांकडे पद्मिनी गाडी आहे. ती बनायची बंद होऊनही वीस वर्षे उलटली. मध्यंतरी हेडलाइट मधूनच जाऊ लागला, म्हणून बॉनेट उघडले. इंजिनाच्या धगीने कपलरचे प्लॅस्टिक पापडासारखे झालेले. हात लावताच तुकडे! गॅरेजवाला म्हणाला, "टेप मारून देतो." मी नको म्हटले. सैल जोड तापतो, प्लॅस्टिक वितळते, आगही लागू शकते. आणि मागच्या सीटवर आपलीच पोरे बसतात. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. मग एकेक वायर सोडवून, काळे पडलेले टोक कापून, नवी पिन दाबून बसवली, नव्या कपलरात घातली. सगळ्या एकदम सोडल्या तर संपलेच, मळीने रंग कुठले ओळखू येतात! फ्यूज मात्र होता तेवढ्याच अँपिअरचा ठेवला. खर्च किरकोळ, पण अख्खा रविवार गेला. दादा आता रात्रीही गाडी काढतात.