मोकळी फरशी

लहान खोली मोठी भासावी म्हणून मनुष्य जे उपाय योजतो त्यांचे स्थूलमानाने दोन पक्ष पडतात : एक डोळ्यांना भुलविण्याचा आणि दुसरा जमीन सोडविण्याचा. पहिल्या पक्षात आरसे, फिकट रंग, उभ्या पट्ट्यांचे पडदे इत्यादी मंडळी मोडतात, आणि सजावटीच्या सचित्र मासिकांचा सारा कृपाकटाक्ष त्यांच्यावरच असतो. दुसऱ्या पक्षाला असे भाट लाभलेले नाहीत, कारण त्यात दुकानातून विकत आणण्याजोगे फारसे काही नसते. माझा स्वतःचा कल या दुसऱ्या पक्षाकडे आहे. आणि तो ग्रंथावलोकनाने नव्हे, तर मुंबईच्या चाळींतून नातेवाइकांकडे मुक्कामाला राहून राहून बनलेला आहे.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या अमलात, १९२० साली, सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या नावाचे एक खाते निर्माण केले आणि त्या खात्याने पुढील काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध लांबच लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांस खोल्या, अशी एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडांची तजवीज. आणि दर खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. दप्तरात हा आकडा मांडणाऱ्या कारकुनाने लांबीला रुंदीने गुणले आणि लेखणी खाली ठेवली. परंतु त्या खोलीत बिऱ्हाड थाटणाऱ्या गिरणी कामगाराने तिसरी मिती ओळखली होती. दोन पावलांत त्रिभुवन संपल्यावर तिसरे पाऊल स्वतःच्या मस्तकावर झेलणाऱ्या बळीराजाप्रमाणे, जमीन संपताच त्याने संसाराचा भार डोक्यावर घेतला : मोरीच्या वर पोटमाळा घातला, दाराच्या चौकटीहून वीतभर उंचावर भिंतीला धरून फळी फिरविली, तीवर पितळेचे डबे नि तांब्याची भांडी उतरत्या भाजणीने लावली, आणि छतापासून दोरीने टांगलेल्या बांबूवर धोतरे-लुगडी वाळत घातली. यात एक बारकावा आहे. फळी एकाच उंचीवर आणि सलग गेली, तर तिच्याखालची भिंत अखंड राहते आणि दृष्टी कोठे अडखळत नाही. तीच फळी येथे कमरेइतकी, तेथे खांद्याइतकी अशी तुकड्यातुकड्यांनी ठोकली, तर सामान तेवढेच असूनही खोली गुदमरते.

पण खरी करामत अवकाशाची नसून काळाची होती. गिरण्या पाळ्यांत चालत, आणि कोकणातून वा घाटावरून एकट्याने आलेले गावकरी एकाच खोलीत भागीने राहत. रात्रपाळीचा गडी परतून वळकटी सोडू लागे तेव्हा दिवसपाळीचा आपली वळकटी बांधून बाहेर पडलेला असे. कुटुंबाच्या खोलीतही तीच फरशी सकाळी न्हाणीघराची ओसरी, दुपारी पंगत, संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्री शय्यागृह होई, आणि एका अवस्थेतून दुसरीत जाताना तिला मधे काही क्षण पूर्णतः रिकामे व्हावे लागे. एखाद्या वस्तूने कायमचा पाय रोवला की तिला वहिवाटीचा हक्क प्राप्त होतो, आणि मग तिला बेदखल करणे दिवाणी दाव्याइतके दुष्कर होते, हे चाळीतल्या गृहिणीला पक्के ठाऊक असे.

माझी एक आत्या या शास्त्रातील अधिकारी व्यक्ती होती. तिच्याकडे एकच लोखंडी खाट. तिच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा, आणि खालच्या पोकळीत पत्र्याच्या ट्रंका. कोणीतरी सुचविले की खाटेवरची चादर फरशीपर्यंत सोडावी, म्हणजे ट्रंका झाकल्या जातील. आत्याने ते साफ नाकारले. तिने ट्रंका मागच्या भिंतीपर्यंत रेटल्या, पुढे हातभर फरशी उघडी ठेवली आणि म्हणाली, “अरे, चादर सोडली की जमीन तिथंच संपली. खालून जाताना दिसू दे की तिला!” पायांवर उभ्या असलेल्या सामानाखालून फरशी पुढे जाताना दिसली की मनुष्याचे मन ती सगळी जागा खोलीच्या खात्यावर जमा धरते, हा सिद्धांत गृहसजावटीच्या पुस्तकात मी पुष्कळ पुढे वाचला, आत्याला तो वाचावा लागला नव्हता.

दिवाळी तोंडावर आली की तिच्याकडे रंगसफेदी निघे. पिंपात भिजत घातलेली चुनकळी प्रथम खदखदून वाफा टाकी. दुसऱ्या दिवशी निवलेला चुना धोतराच्या जुन्या फडक्यातून गाळून त्यात डिंकाचे पाणी आणि पिवळेपणा मारण्यापुरती चिमूटभर नीळ घालीत. कुंचा फिरताक्षणी भिंत पांढरी होण्याऐवजी उलट राखी, ओशाळलेली दिसे. वाळता वाळता तिच्यातून हळूहळू उजेड वर येई. चुन्याची स्वच्छ भिंत स्वतःवर पडलेल्या प्रकाशाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास हिस्सा परत करते आणि गडद रंगाची भिंत बहुतेक सारा गिळून बसते, म्हणून एकाच खिडकीच्या खोलीला चुना हा अलंकार नसून उत्पन्न आहे. छतालाही तोच हात दिला म्हणजे भिंत आणि छत यांच्या संधीवरची रेघ पुसट होते, आणि खोली नेमकी कोठे संपते याचा डोळ्याला पक्का जबाब मिळत नाही. पुढे भिंतीचा खालचा भाग मळू नये म्हणून छातीइतक्या उंचीपर्यंत हिरवा तेलरंग देण्याची टूम निघाली. ती धुण्याला सोयीची खरी. पण तिने चांगल्या उंच खोल्यांची कंबर मोडली.

उंचीचा विषय निघालाच आहे तर सेवाग्रामच्या बापूकुटीचा दाखला देतो. माती, बांबू आणि कौले यांची ती ठेंगणी वास्तू, भिंतीवर मातीतच उठावाने घडविलेली झाडे आणि चरखा. आत पाऊल टाकणारा उभा मनुष्य प्रथम संकोचतो. परंतु तेथील सारा व्यवहार चटईवर बसून चालत असे, आणि आपणही खाली बसलो की डोळे दीड-दोन हात खाली येतात, छत तितकेच वर जाते आणि कुटी प्रशस्त होते. खुर्च्यांनी आपली घरे अडविली असे आपण म्हणतो; त्यांनी ती बुटकीही केली, याची तक्रार कोणी नोंदवीत नाही.

आता आरसा. पहिल्या पक्षाचा हा सेनापती, आणि त्याच्याविषयी माझा आकस आहे असे कोणी समजू नये. प्रतिबिंब आरशाच्या मागे तितकेच खोल दिसते जितकी वस्तू त्याच्या पुढे दूर असते. तेव्हा खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलेला आरसा पलीकडे आणखी एक खोली आणि तिच्या टोकाला आणखी एक खिडकी बहाल करतो. हे औदार्य मात्र आंधळे आहे. मी एका घरी लोखंडी कपाटासमोर टांगलेला भव्य आरसा पाहिला आहे. यजमानांना खोली दुप्पट झाल्याचा आनंद होता, मला दोन कपाटे दिसत होती. चाळीतली मंडळी याहून स्वस्त उपाय करीत : समोरासमोरच्या दोन्ही बिऱ्हाडांची दारे सताड उघडी ठेवीत, आणि मग आपल्या खाटेवर पडल्या पडल्या नजर बोळ ओलांडून, शेजाऱ्याच्या खोलीतून, त्याच्या खिडकीबाहेर जाई. शेजाऱ्यालाही बदल्यात आपली खिडकी मिळे. गिरगावातल्या गॅलरीवाल्यांना असला तह करण्याची गरज नव्हती. त्यांच्या दारात आकाशच उभे असे.

त्या सरकारी चाळी आता पाडल्या जात असून त्यांच्या जागी पाचशे चौरस फुटांची घरे उंच मनोऱ्यांतून उभी राहत आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या १६० फुटांत काढलेल्यांना ती मिळावीत याहून न्याय्य काही नाही. मला धास्ती आहे ती फर्निचरवाल्याची. छताला भिडणारी कपाटे, पेटीचा पलंग आणि कोपऱ्यात काटकोनात वळणारा सोफा घेऊन तो दारात उभाच असेल. ते सारे आत गेल्यावर पाच-सहा वर्षांच्या पोराला मधल्या जागेत सलग दोन कोलांट्या मारता येतात की नाही, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून त्या पाचशे फुटांच्या उताऱ्यावर मी तरी सही करणार नाही.