आधी घास जनावराला

नातवाला पुढच्या महिन्यात चार वर्षं पूर्ण होतील. हल्ली वाढदिवसाला थीम लागते, आणि लेकीनं यंदा प्राण्यांची थीम ठरवली आहे. मला ती मनापासून आवडली. या वयाचं मूल पालीला 'ये ना खाली' म्हणून बोलावतं, मुंग्यांच्या रांगेपुढे उकिडवं बसून राहतं आणि जेवायला हाक मारली तर 'थांब, त्या अजून पोचल्या नाहीत' असं सांगतं. पुढं शाळा सुरू झाली की ही सोयरीक पातळ होत जाते. चौथ्या वर्षी ती भरात असते, म्हणून हा सोहळा नीट व्हावा असं मला वाटतं.

सजावटीचं तयार सामान घरी आलं. त्यात सिंह, जिराफ, झेब्रा आणि पाणघोडा, म्हणजे आफ्रिकेचं अख्खं माळरान. जिराफ भिंतीवर हवाच. पण हा मुलगा सकाळी आजोबांबरोबर इथल्या, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जातो. तिथं त्यानं मोर पाहिलाय, मुंगूस पाहिलंय. ते मुंगूस पायवाट ओलांडून झुडपाशी गेलं, थांबलं आणि मान वळवून याच्याकडे बघून मग आत शिरलं. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात एक मुंगूस राहत होतं. जमिनीलगत सरपटत जायचं, सोफ्याच्या कडेशी थांबायचं, मान वळवून आमच्याकडे बघायचं आणि सोफ्यामागे गडप व्हायचं. अशा मुलाच्या वाढदिवसाला मुंगूस नको का? शेकरू नको? ते तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याच्यासाठी १९८५ साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं. भीमाशंकर पुण्याच्याच जिल्ह्यात, आणि आमच्या सोसायटीतल्या मुलांना झेब्रा ओळखता येतो, शेकरू नाही. लेकीला हे पटलं. आता जिराफाशेजारी शेकरू, खवले मांजर, साळिंदर, गवा आणि बिबट्या येणार आहेत. चित्रं आम्हीच काढतोय.

मी मूळची नागपूरची. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात. मोठ्यांचा पोळा पिठोरी अमावास्येला, खऱ्या बैलांचा. हा लेकरांचा, लाकडी बैलांचा. खऱ्या बैलाचा कासरा लहान पोराच्या हाती कसा देणार, म्हणून त्याच्या मापाचा बैल, पायाखाली चाकं लावलेला. माझ्या बैलाचं डावं शिंग सैल होतं, आई ते दरवर्षी डिंकानं बसवून द्यायची. ते वाळेपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून मी राखण करत बसायची. मग ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. धोतर-फेट्यातली पोरं आणि परकरातल्या पोरी आपापला बैल घेऊन तोरणाखाली रांगेनं उभ्या. नंतर बैल ओढत दारोदार जायचं. घरची बाई आधी बैलाला ओवाळायची, त्याच्या तोंडाला घास लावायची आणि मग आमच्या हातावर बोजारा ठेवायची. कधी नाणं, कधी बिस्किटं, कधी लाडू.

तो क्रम मला आज फार मोलाचा वाटतो. घास आधी जनावराला, खाऊ नंतर आपल्याला. कासरा ज्याच्या हाती, त्याच्यावर ते जनावर सोपवलेलं. दिवसभर त्याला उन्हात सोडायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. प्राण्यांवर प्रेम करा असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, नुसता कासरा हाती दिला होता.

म्हणून मी लेकीला म्हटलं, येणाऱ्या प्रत्येक मुलाला दारातच एक प्राणी सोपवूया. पुठ्ठ्याचा चालेल, कापडाचा चालेल. त्यानं तो रंगवायचा, सजवायचा, त्याला निजायला जागा शोधायची. शेकरू झाडावर उंच, बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांची घरटी बांधतं, आणि एकटं एक शेकरू अशी बरीच घरटी बांधतं. तर काटक्या गोळा करून सगळ्यांनी मिळून घरटं बांधायचं, हाच खेळ. संगीत खुर्ची मी काढूनच टाकली. चार वर्षांच्या मुलाला खेळातून बाद करून कोपऱ्यात उभं करणं मला कधीच पटलेलं नाही. मुखवटेही नकोत. या वयात ओळखीचा चेहरा झाकला गेला की काही मुलं खरंच घाबरतात. डोक्याच्या पट्ट्यावर कान आणि कमरेला शेपूट पुरे. शेपटीसाठी मी जुनी तपकिरी लोकर उसवून ठेवली आहे. शेकराची शेपूट अंगाइतकीच लांब असते, त्यामुळे लोकर भरपूर लागणार.

समारंभ करून देणाऱ्या एका माणसानं फोनवर जिवंत ससे आणि पोपट आणायची तयारी दाखवली. मी तिथंच नको म्हणून सांगितलं. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. ससा पाळता येतो, पण तो भक्ष्य होणारा प्राणी आहे. अनोळखी हातांनी उचललं की तो भीतीनं थिजतो आणि बघणाऱ्याला वाटतं, किती शांत आहे. सुटायला त्यानं जोरात लाथा झाडल्या तर त्याच्या नाजूक पाठीचं हाड मोडू शकतं. वीस हातांत फिरणारा ससा बघून मुलांनी शिकायचं ते काय?

केकचा प्रश्न मात्र नातवानंच सोडवला. एका वाढदिवसाला वाघाच्या तोंडाचा केक होता. सुरी कपाळावर टेकली आणि याच्या शेजारी उभी असलेली छोटी हमसून रडायला लागली. मोठी माणसं हसली. मला तिचं रडणं अगदी रास्त वाटलं. दिवसभर ज्याला खरा मानलं, त्याला कापायचं कसं? नातू म्हणाला, 'आपण डोंगर करू. डोंगर कापला तर त्याला दुखत नाही.' तर केक हिरव्या डोंगराचा असेल. बाकी साळीच्या लाह्यांचा चिवडा, पण त्यात शेंगदाणे नाहीत. इतक्या लहान मुलांच्या ते घशात अडकतात. फुगेही नाहीत, फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर फार धोक्याचा.

काल एका मुलाच्या आईचा फोन आला. त्याला साप व्हायचंय, तर चालेल का, असं संकोचून विचारत होती. मी म्हटलं, अवश्य चालेल, आपल्याकडे नागाचाही सण असतोच की. त्याच्या मापाची लांब पिशवी शिवायला घेतली आहे. डोंगर कापायच्या आधी सगळे आपापल्या जनावराला घास भरवतील, तेव्हा सापाला दूध द्यायचं नाही एवढं तेवढं त्या मुलाला सांगायचं आहे. सापाला दूध सोसत नाही.