तळची ओल

मोटारीच्या खोलीची जमीन हा प्राध्यापकाने निबंध लिहावा असा विषय नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पन्नाशी उलटल्यावर पदरी पडणारे शहाणपण नेहमी ग्रंथांतूनच येते असे नाही.

वणीतील आमच्या घराची ही खोली पूर्वी गोठा होती, व आमच्या मातोश्री तिची जमीन नेमाने शेणाने सारवीत. पुढे गुरे गेली, मोटार आली, आणि काळ्या मातीवर काँक्रीट पडले. तेलाच्या डागांनी ते विद्रूप झाले, तेव्हा त्यावर इपॉक्सीचा लेप चढविण्याचे आम्ही योजिले. राळ व हार्डनर ही दोन द्रव्ये ठराविक प्रमाणात मिसळून, ती घट्ट होण्यापूर्वी पसरावयाची, म्हणजे तेल न शोषणारे चकचकीत कवच तयार होते.

दिवस श्रावणाचे होते. काम करणाऱ्या तरुणाने विचारले, "सर, खालून ओल तर येत नाही ना?" आम्ही "छे!" म्हणून मोकळे झालो. डब्यासोबतचे सूचनापत्रक इंग्रजीत होते. ती भाषा शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तरी ते पत्रक काही आम्ही उघडले नाही.

पंधरवडाभरात जमिनीवर फोड उठले. एके दिवशी नाशिकहून परतलो, तो तापलेल्या चाकांना चिकटून लेपाचे पापुद्रेच निघून आले. आम्ही संतापलो, कारागिरास दोष दिला आणि त्याची उरलेली मजुरी रोखून धरली.

मातोश्री मात्र शांतपणे म्हणाल्या, "अरे, वरून झाकण्याआधी खालचं बघावं. गडावर देवीचासुद्धा जुना शेंदूर उतरवला, तेव्हा खरं रूप दिसलं." सप्तशृंगगडावर 2022 च्या पावसाळ्यात मंदिर दर्शनास बंद ठेवून मूर्तीवरील शेंदराचे थर उतरविण्यात आले व नवरात्रात अष्टादशभुजेचे मूळ स्वरूप भाविकांच्या दृष्टीस पडले, हे वाचकांस स्मरत असेल.

उन्हाळ्यात उरलासुरला लेप घासून काढला, आणि आता पत्रक वाचले. त्यात सांगितल्याप्रमाणे दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी जमिनीस चिकटवून ठेवला. दुसऱ्या दिवशी उचलून पाहतो, तो भर वैशाखात खालच्या अंगास पाण्याचे थेंब! काँक्रीट वरून कोरडे दिसले, तरी त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून मातीतील ओल वाफेच्या रूपाने वर येतच असते. वरून अभेद्य कवच घातले की तिला वाट उरत नाही, आणि ती कवचच उचलून धरते. शेणाचे सारवण दुबळे खरे. पण ते वाफेस अडवीत नव्हते, आणि झिजले की पुन्हा घालता येत होते.

जमीन आम्ही तशीच उघडी ठेविली आहे. डाग दिसतात, दिसोत बापडे.

एक काम मात्र उरले होते. मजुरीचे पैसे घेऊन आम्ही त्या तरुणाच्या दारी गेलो व चूक आमची होती हे सांगितले. त्याने पैसे न मोजताच खिशात घातले, आणि खाली पाहत एवढेच म्हणाला, "सर, मी विचारलं होतं."

विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यास शिकविणे हा आमचा पेशा आहे. इतक्या वर्षांत त्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न क्वचितच कोणी आम्हांस विचारला असेल. आणि तोच आम्ही ऐकला नाही.