आधी चिठ्ठ्या, मग तिकिटं

बालमित्रांनो, सहलीला जायचं ठरलं की तुम्ही आधी काय करता? पिशवी भरता! चिवडा, टोपी, पत्ते, चेंडू... आणि मोठी माणसं काय करतात? पैशांचा हिशेब मांडतात. दोन्ही गोष्टी लागतातच. पण त्यांच्याही आधी करायचं एक काम असतं आणि बहुतेक घरांत नेमकं तेच राहून जातं. ते कोणतं? माझ्या बहिणीच्या घरी गेल्या वर्षी काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्हीच ओळखाल.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला राहते. तिची मुलगी अकरा वर्षांची, तर मुलगा, आमचा छोटू, पाच वर्षांचा. गेल्या वर्षी आमची आई, म्हणजे या मुलांची आजी, सहा महिन्यांसाठी तिकडे गेली होती. डिसेंबरात तिकडे कडाक्याची थंडी, आणि संध्याकाळी साडेचारलाच सूर्य मावळतो बरं का! म्हणून नाताळची सुट्टी लागली की पुष्कळ कुटुंबं ऊब शोधत दक्षिणेला, फ्लॉरिडा राज्यात जातात. बहिणीनंही ठरवलं, यंदा नाताळात ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड बघायचंच.

जगाचा नकाशा उघडा पाहू. ऑरलँडो शोधा आणि तिथून बोट सरळ पूर्वेकडे सरकवत आणा. आफ्रिका ओलांडून ते येईल थेट आपल्या दिल्लीपाशी! दोन्ही शहरं साधारण साडेअठ्ठावीस अंश उत्तर अक्षांशावर आहेत. पण फ्लॉरिडाच्या दोन्ही बाजूंना समुद्र. त्यामुळे तिथली डिसेंबरातली दुपार बावीस-तेवीस अंशांची, छान उबदार असते.

आणि डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बाग नव्हे, चार मोठ्या बागा आहेत. पहिली ‘मॅजिक किंगडम’ १९७१ मध्ये उघडली, मग १९८२ मध्ये ‘एपकॉट’, १९८९ मध्ये सिनेमाची बाग आणि १९९८ मध्ये प्राण्यांची ‘अ‍ॅनिमल किंगडम’. सगळी जागा मिळून सुमारे १०० चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई तिच्यात सहज मावेल! एवढं मोठं, मग चालावं किती लागत असेल? आणि नाताळ ते नवं वर्ष हा तिथला सगळ्यांत गर्दीचा आठवडा. एकेका पाळण्यासाठी दोन-दोन तास रांगेत उभं राहावं लागतं.

बहिणीनं मोठा तक्ता केला. चार दिवस, चार बागा. सकाळी सात ते रात्री दहा, तासातासाचा कार्यक्रम! मला फोनवर वाचून दाखवताना ती अगदी खुशीत होती. मी विचारलं, “आणि आई?”

ती जरा थांबली. म्हणाली, “ताई, आईचे गुडघे तुला माहीत आहेत. एवढं चालणं तिला झेपायचं नाही. चार दिवस शेजारच्या काकूंकडे राहील ती.”

मग आईनं फोन घेतला. “अगं, मला काय करायचंय त्या पाळण्यांचं? पोरं जाऊन येऊ देत.”

शब्द असे, पण आवाज मात्र वेगळाच. मुलांनो, तुमची आजीही असंच म्हणते ना? ताटात शेवटचा लाडू राहिला की “मला नको, तुम्ही घ्या” म्हणते. म्हणून तिला लाडू आवडत नाही असं थोडंच असतं?

मी बहिणीला म्हटलं, “तुझा तक्ता दोन दिवस बाजूला ठेव. मी वर्गात करते तसं कर. घरातल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी दे. जी एक गोष्ट झाली नाही तर सहल झाली असं वाटणार नाही, ती एकच त्यावर लिहायची. दुसऱ्याचं बघायचं नाही.”

दोन दिवसांनी फोनवर चिठ्ठ्यांचं वाचन झालं. भाचीनं लिहिलं होतं, ‘स्पेस माउंटन, दोनदा!’ ही अंधारातून सुसाट धावणारी गाडी. छोटूनं चित्र काढलं होतं. निळा चौकोन आणि त्यात हात वर केलेला एक मुलगा. तो होता हॉटेलातला पोहण्याचा तलाव! मेव्हण्यांनी लिहिलं होतं, ‘एक दिवस तरी गजर लावायचा नाही.’ बहिणीची चिठ्ठी होती, ‘सगळे असतील असा एक फोटो.’ आणि आजीनं लिहिलं होतं, ‘उन्हात बसायचं आहे.’

बहिणीचा आवाजच फुटेना. आई दोन महिने स्वेटर घालून खिडकीशी बसते, ते ती रोज बघत होती. पण तिला ऊन हवं आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आता गंमत बघा. पाच चिठ्ठ्यांपैकी रांगेत उभं राहायची चिठ्ठी एकच. मग चार दिवस बागा कशाला? बहीण आणि भाची दोघींनी मिळून नवा तक्ता केला. पहिला दिवस मॅजिक किंगडम. दुसरा दिवस सुट्टी: छोटू तलावात, आजी उन्हात, आणि गजर बंद! तिसरा दिवस अ‍ॅनिमल किंगडम, कारण तिथे उघड्या गाडीत बसून जिराफ आणि हत्ती बघता येतात. चौथा दिवस मोकळा.

आता तिकिटांचं गणित. आधी चार माणसं, चार दिवस, म्हणजे १६. आता पाच माणसं, दोन दिवस, म्हणजे १०. (तिथे जास्त दिवसांचं तिकीट घेतलं की एका दिवसाचा भाव थोडा उतरतो, म्हणून पैसे अगदी त्याच प्रमाणात वाचत नाहीत; पण वाचतात.) आजीचं तिकीट त्यातूनच निघालं. तिथे तीन वर्षांखालच्या बाळांना तिकीट नाही, नऊ वर्षांपर्यंत मुलांचं आणि दहाव्यापासून मोठ्यांचं. आपलं तिकीट आईबाबांच्या भावाचं, म्हणून भाचीची कॉलर ताठ!

छोटूची उंची मात्र आड आली. स्पेस माउंटनसाठी ११२ सेंटिमीटर हवी आणि तो भरला १०६. पण तिथे एक चांगली सोय आहे. एक पालक लहानग्याजवळ थांबतो, दुसरा पाळण्यात बसून येतो. मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग न लावता जाता येतं आणि मोठ्या भावंडाला त्याच्याबरोबरही बसता येतं. म्हणजे भाचीचं ‘दोनदा’ आपोआप जमलं!

राहिला आजीच्या चालण्याचा प्रश्न. बागेत चाकांची खुर्ची भाड्यानं मिळते. आजी ऐकेना. “मी काय आजारी आहे?” शेवटी नातीनंच तोड काढली. “आजी, खुर्ची आमच्या पिशव्यांसाठी घेऊ. तुझे पाय दुखले की पिशव्या आम्ही उचलू.” आजी हसली आणि कबूल झाली.

आजीनंही एक सूचना केली, “ऊन असलं तरी स्वेटर घ्या.” मुलं हसली. पण १९८९ च्या नाताळात फ्लॉरिडातही पाणी गोठवणारी थंडी पडली होती आणि संत्र्यांच्या बागांचं फार नुकसान झालं होतं. मग पाच स्वेटर बॅगेत गेले!

ज्यांनी ही बाग बांधली त्यांनीही आधी बघितलं ते जमिनीकडे. मॅजिक किंगडमखाली कामगारांना ये-जा करायला बोगदे हवे होते. पण तिथे थोडं खणलं की पाणी लागतं. मग त्यांनी काय करावं? बोगदे जमिनीवरच बांधले, शेजारी तळं खणून निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि बाग उभारली वरच्या मजल्यावर! लोक चालतात ते त्या मजल्यावरून, आणि त्यांना पत्ताही लागत नाही. वॉल्ट डिस्ने १९६६ मध्येच वारले. त्यांचे भाऊ रॉय यांनी ते काम तडीस नेलं.

तुमची सहल महाबळेश्वरची असेल, गणपतीपुळ्याची असेल, नाहीतर मामाच्या गावची. तिकिटं काढण्याआधी घरात चिठ्ठ्या वाटा. आईबाबांनो, लहानांना वगळू नका. लिहिता येत नसेल तर चित्र काढू द्या. आणि मुलांनो, आजी-आजोबांची चिठ्ठी घेतल्याशिवाय हलू नका. “मला काही नको” असं लिहून दिलं, तर ती चिठ्ठी परत करा!

यंदा शाळेच्या सहलीआधी मी चौथीच्या वर्गातही चिठ्ठ्या गोळा केल्या. गड, किल्ला, समुद्र असलं काही येईल असं वाटलं होतं. सगळ्यांत जास्त चिठ्ठ्यांवर काय होतं, सांगू? ‘बसमध्ये खिडकीची जागा.’ आता जाताना निम्मी मुलं खिडकीशी बसतील आणि येताना उरलेली. तसा तक्ता फळ्यावर लागलाय!